रेषेअलीकडची पाच मिनिटं

बुलढाणा जिल्ह्यात वाऱ्याचे दोन स्वभाव आहेत. एक घाटावरचा, एक घाटाखालचा. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या पठारावरच्या गावांमधून वारा मोकळा फिरतो. त्याला अडवायला फारसं कुणी नाही. राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर, नांदुऱ्याकडे गेलं की पूर्णेच्या खोऱ्यात तोच वारा जड होतो, एप्रिलच्या दुपारी तर जागच्या जागी तापून उभा राहतो. माझं गाव घाटावर आणि मामाचं घाटाखाली. सुट्टीत एसटी घाट उतरू लागली की कोणत्या वळणावर खिडकीतली हवा बदलते हे मला पाठ होतं. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी डोंगर लवकर निवतो आणि गार हवा उताराने खाली सरकते. दिवसभर तापलेल्या खोऱ्याकडून वर चढणारा वारा तोवर थकलेला असतो. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात ‘दरीय वारे आणि पर्वतीय वारे’ हा धडा आला, तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. ते वारे मी बसमधून पाहिले होते.

खळ्यावर बाबा तिवईवर उभे राहून धान्य उफणायचे. सूप खांद्याच्या उंचीवर धरून ते थांबत. आमच्या अंगाला वारा लागतच असायचा, तरी ते थांबत. त्यांची नजर दोन वावरं पलीकडच्या लिंबावर असे. तिथला शेंडा हलला की मनात काही मोजून ते सूप हलवायला लागत, आणि वारा खळ्यावर पोचायला आणि दाणे सुपातून सुटायला एकच गाठ पडे. भूस लांब, दाणा पायाशी. अंगावर आलेला वारा ही जुनी बातमी असते. बाबा ताजी बातमी लांबून वाचत होते, हे मला फार उशिरा उमगलं. तेही समुद्राच्या काठावर.

नोकरीसाठी मुंबईत आल्यावर एका हिवाळ्यात अपोलो बंदराच्या कठड्यावरून मी शिडाच्या होड्यांची शर्यत पाहिली. पाठीमागे रॉयल बॉम्बे यॉट क्लबची इमारत होती. १८४६ साली स्थापन झालेला हा क्लब. समोरच्या पाण्यावर पांढरी शिडं होती, पण ती पळत नव्हती. घुटमळत होती. होड्या एकमेकींच्या आडव्या जात होत्या, मागे वळत होत्या, मध्येच शीड सैल सोडून फडफडत राहत होत्या. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांना मी विचारलं, “काका, हे काय चाललंय?” ते म्हणाले, “रेस सुरू व्हायचीय. खरी रेस हीच.” तेव्हापासून मी या खेळाच्या मागे आहे. होडी हाकणारी म्हणून नाही, बघणारी आणि वाचणारी म्हणून. आणि आज माझं ठाम मत आहे की शिडाच्या शर्यतीत रेषेअलीकडच्या पाच मिनिटांइतकं देखणं आणि अवघड असं दुसरं काही नसतं.

धावण्याच्या शर्यतीत सगळे रेषेवर पाय रोवून थांबतात. होडीला थांबता येत नाही. वेग नसलेल्या होडीचं सुकाणू पाण्यात नुसतं हलतं, होडी त्याचं ऐकत नाही. शिवाय रेषा दिसत नाही. एका टोकाला पंचांची कमिटी बोट आणि तिच्यावरचा नारिंगी झेंडा, दुसऱ्या टोकाला ‘पिन’ म्हणतात ती तरंगती खूण. मधली रेषा प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी ओढायची. पाच मिनिटं उरली की त्या होड्यांच्या वर्गाचा झेंडा चढतो आणि भोंगा वाजतो. चार मिनिटं उरली की तयारीचा झेंडा. शेवटचं एक मिनिट उरलं की तो उतरतो. वर्गाचा झेंडाही उतरला की शर्यत सुरू. वेळ धरायची ती झेंड्यावरून. भोंगा वाजलाच नाही तरी शर्यत सुरू झालेली असते. त्या क्षणी होडी रेषेच्या अलीकडे हवी, पण जेमतेम अलीकडे. आणि पूर्ण वेगात हवी. क्षणभर आधी नाक पलीकडे गेलं तर मागे फिरून पुन्हा यावं लागतं. क्षणभर उशीर झाला तर पुढे गेलेल्या शिडांनी नासवलेल्या वाऱ्यात राहावं लागतं.

हा नासलेला वारा नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी घासाघीस त्याच्यासाठी चालते. शर्यतीची पहिली खूण बहुतेक वेळा वाऱ्याच्या तोंडाकडे असते. सरळ वाऱ्यात घुसेल असं शीड अजून जन्माला आलेलं नाही. वाऱ्याशी सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन धरून आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने असं नागमोडी जावं लागतं. पुढच्या होडीचं शीड वारा वापरतं आणि उरलेला वाकवून, घुसळून मागे सोडतं. त्यात सापडलेली होडी मंदावते, मंदावली की आणखी मागे पडते, आणि मागे पडली की आणखी शिडांच्या सावलीत जाते. म्हणून पहिल्या रांगेतून, मोकळ्या हवेत निघालेल्याला पहिल्या दहा मिनिटांत जी मोकळीक मिळते ती मागच्याला तासभर झुंजूनही मिळत नाही. अर्थात हे तासाभराच्या शर्यतीबद्दल. अभिलाष टॉमी २०२२च्या सप्टेंबरमध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी फ्रान्सच्या ले साब्ल दोलोनहून निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २०२३च्या एप्रिलअखेर दुसऱ्या क्रमांकाने परतले. तिथं सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटाला कोण विचारतो?

रेषा वाऱ्याला काटकोनात टाकलेली असावी असा संकेत आहे, पण वारा संकेत पाळत नाही. शंभर मीटरची रेषा धरा आणि वारा दहा अंशांनी एका बाजूला कलला असं समजा. त्या बाजूचं टोक पहिल्या खुणेच्या सुमारे सतरा मीटर जवळ जातं. ऑलिम्पिकमधली एकट्याने हाकायची इल्का होडी सव्वाचार मीटरची असते. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच चार होड्यांची आघाडी त्या टोकाला पडलेली असते. ती फुकट मिळत नाही. हे गणित सगळ्यांनाच येतं, म्हणून सगळे तिथंच धावतात. मग तिथं नियम बोलू लागतात. उजव्या अंगावर वारा घेऊन येणाऱ्याला डाव्या अंगावर वारा घेणाऱ्याने वाट द्यायची, “स्टारबोर्ड!” अशी आरोळी बंदरावरही ऐकू येते. आणि एकाच अंगाने चाललेल्या दोघांत वाऱ्याकडच्या होडीने वाऱ्याआडच्या होडीपासून दूर राहायचं. त्यामुळे शहाणा खेळाडू शेवटच्या मिनिटाला आपल्या वाऱ्याआडच्या बाजूला पाण्याचा एक मोकळा तुकडा राखतो. तो तुकडा म्हणजे त्याची ठेव. मागून कुणी त्यात घुसायला आला तर नाक त्याच्याकडे वळवून तो दार बंद करतो, पुन्हा शीड सैल सोडतो, पुन्हा घुटमळतो. शेवटच्या काही सेकंदांत दोर खेचून त्या मोकळ्या पाण्यात होडी झुकवून वेग घेतो आणि झेंडा उतरताना रेषा ओलांडतो. ज्याने तुकडा राखला नाही त्याला वेग घ्यायला जागाच उरत नाही.

मला सर्वांत आवडतं ते रेषेच्या मधोमध घडतं. टोकांवरच्या खेळाडूंना रेषा नीट दिसते. मधल्यांना दोन्ही टोकं लांब, म्हणून आपण रेषेच्या अगदी जवळ आलो असं वाटत राहतं आणि सगळे बिचकून मागे राहतात. होड्यांची रांग मध्ये झोळीसारखी वाकते. पण ज्याने आधी जाऊन पिन आणि तिच्यामागची किनाऱ्यावरची एखादी खूण, समजा एखादी पाण्याची टाकी किंवा मनोरा, एका ओळीत पाहून ठेवलेली असते, त्याला मध्येही रेषा दिसते. सगळे बिचकलेले असताना तो निर्धास्त पुढे सरकतो आणि एकटाच मोकळ्या वाऱ्यात निघतो. तो इतरांपेक्षा धाडसी असतो असं नाही. तो आधी येऊन बघून गेलेला असतो.

आता वारा. टोक कोणतं धरायचं हे फक्त आत्ताच्या वाऱ्यावर ठरत नाही, वीस मिनिटांनी तो काय करणार आहे यावर ठरतं. मुंबईच्या हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून, साधारण ईशान्येकडून येतो. ऊन चढलं की तो विरतो. मग एक निर्वात वेळ येते. पाणी तेलासारखं होतं, पंच लालपांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा चढवून शर्यत लांबवतात आणि सगळे पश्चिमेकडे बघत बसतात. दुपारी खारा वारा पोचतो. पश्चिमेकडून येतो आणि उन्हं कलतील तसा उत्तरेकडे, म्हणजे खेळाडूच्या उजव्या हाताला, सरकत जातो. असा एकाच दिशेने सरकणारा वारा असेल तर त्याच बाजूला आधी जायचं. म्हणून उजव्या टोकाला, कमिटी बोटीपाशी निघायचं आणि लवकर वळायचं. पण वारा झोके घेत असेल, पाच अंश इकडे पाच अंश तिकडे, तर गोष्ट उलट. तिथं कुठल्याही एका बाजूला लांब जाणारा फसतो. मध्यावर राहून प्रत्येक झोक्याला वळणारा जिंकतो. दोन्ही वारे पहिल्या पाच मिनिटांत सारखेच दिसतात. फरक ओळखायला तासभर आधी पाण्यावर जावं लागतं, होडीचं नाक वाऱ्याच्या तोंडात धरून होकायंत्राचा आकडा पुन्हापुन्हा टिपून ठेवावा लागतो. त्यात मुंबईची भरती-ओहोटी. उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ओहोटी वाऱ्याच्या दिशेकडे ओढत असेल तर झोळी पडायची तिथं सगळी रांगच रेषेपलीकडे वाहून जाते, आणि पंचांना सगळ्यांना परत बोलवावं लागतं.

हे सगळं वाचता-पाहताना मला जून आठवतो. मृग लागलेला असतो, वावर उन्हाळवाही करून तयार असतं, बियाणं घरात येऊन पडलेलं असतं. पहिला पाऊस पडतो आणि गावात कुजबुज सुरू होते: अमक्याने तिफण काढली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण शेजारची तिफण चालताना पाहून आपली थांबवणं याला जे बळ लागतं ते सांगून कळत नाही. लवकर पेरलं आणि पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी. म्हणजे रेषेपलीकडे जाऊन मागे फिरणं, आणि बियाण्याचे पैसे पुन्हा. उशीर केला तर सोयाबीनचे पोसायचे दिवस हातचे जातात, परतीच्या पावसाआधी पीक निघत नाही. काही जण कपाशीची धूळपेरणी करतात, कोरड्यात बी टाकून पावसाची वाट बघतात. बाबा ते कधी करत नसत. ते वावराच्या मध्यावर जाऊन बोटभर खोल माती उकरत, मुठीत दाबत, सोडत. वापसा आला की नाही हे ती माती सांगे. घाटाखाली भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. अठरा धान्यं, पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर. दुसऱ्या पहाटे त्यावरून पावसापाण्याचं भाकीत ऐकायला दूरदूरची माणसं जमतात. भाकितावर त्यांचा विश्वास कितपत असतो, यापेक्षा मला त्या गर्दीतली निकड महत्त्वाची वाटते. सुरुवात चुकली तर वर्ष चुकतं, हे माहीत असलेली ती माणसं आहेत. होडीवरच्या माणसाला एका हंगामात कितीतरी वेळा निघता येतं. शेतकऱ्याला वर्षातून एकदाच, आणि तेवढ्यासाठी त्याला कुणी पदक देत नाही. हे मला दर जूनमध्ये सलतं.

समुद्राशी आमच्या जिल्ह्याचा काय संबंध, असं कुणी म्हणालं तर मी सिंदखेड राजाचं नाव घेते. तिथं जन्मलेल्या जिजाऊंच्या मुलाने मराठ्यांचं आरमार उभं केलं, आणि त्या आरमाराची मला सर्वांत प्रिय सकाळ १६७९च्या ऑक्टोबरमधली आहे. मुंबईच्या दक्षिणेला खांदेरी बेटावर मराठे तट बांधत होते आणि इंग्रजांची जहाजं बेटाला वेढा घालून नांगरली होती. १८ ऑक्टोबरला पहाटे थळच्या किनाऱ्याकडून मराठ्यांची गलबतं एकदम सुटली. ती इतक्या वेगात आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत त्यांच्या ‘डोव्हर’ गुराबेने निशाण उतरवलं. मोठ्या जहाजाला वेग घ्यायला वारा लागतो आणि वेळ लागतो. लहान गलबताला वल्हीही होती, आणि पहाटेच्या प्रहरी त्या किनाऱ्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे थळहून निघालेल्याच्या पाठीशी. पुढेही ‘रिव्हेंज’सारखी मोठी इंग्रजी जहाजं वेढ्यात राहिली, पण रात्रीच्या मंद वाऱ्यात मराठ्यांची लहान तारवं त्यांच्या डोळ्यांदेखत बेटावर रसद पोचवत राहिली. दौलतखान आणि मायनाक भंडारी यांच्या माणसांना तो किनारा, त्याची ओहोटी आणि पहाटेचा वारा तळहातासारखा ठाऊक होता. कुठून आणि केव्हा निघायचं हे ज्याने बरोबर ठरवलं, त्याच्यापुढे जहाजाचा आकार हरला.

शिडाचा खेळ किनाऱ्यावरच्यांचा आणि पैसेवाल्यांचा, असा एक समज आहे. त्यात तथ्य होतं. अजूनही थोडं आहे. १९८२च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या पारशी जोडीने फायरबॉल होडीत सुवर्णपदक मिळवलं. पण आज चित्र बदललं आहे. मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेला विष्णू सरवणन हा सैन्यातला जवान. त्याने हांगझौ एशियाडमध्ये कांस्य मिळवलं आणि टोकियो, पॅरिस अशी दोन ऑलिम्पिकं खेळला. त्याच एशियाडमध्ये इल्का ४ या मुलींच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. तिचं गाव सातपुड्याच्या पलीकडे, आमच्या जळगाव जामोदसारखंच समुद्रापासून लांब. ती शीड शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर.

तलावावर शिकलेल्याला काही कमी पडतं असं मला वाटत नाही. उलट समुद्रावरचा वारा सरळमार्गी असतो; तलावाभोवती टेकड्या, झाडं, वस्ती, आणि प्रत्येकीला वळसा घालून आलेला वारा वेगळा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमधल्या झेंडा या गावचा बडी मेल्जेस अशाच तळ्यांवर वाढला. त्याने १९७२चं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं आणि वीस वर्षांनी अमेरिकाज कप जिंकणाऱ्या होडीच्या सुकाणूवर तो होता. लोणारच्या काठावर उभं राहून बघावं म्हणजे हे पटतं. वर कडेला वारा इतका की ओढणी सावरता येत नाही, आणि खाली त्या पावणेदोन किलोमीटर रुंद विवराच्या तळाशी पाणी निवांत. मधूनच एका कोपऱ्यात पाण्यावर काळपट शहारा उठतो, वळतो, दुसरीकडेच विझतो. कडेवरून उतरणारा वारा भोवऱ्यात पडतो आणि तळाशी उलट दिशेनेही वाहू शकतो. लोणारच्या पाण्यावर होडी नाही, नसावीच. ते अभयारण्य आहे. पण वारा वाचायला शिकायचं असेल तर तिथल्या कड्याइतकं चांगलं ठिकाण मला माहीत नाही.

होडीसाठी आमच्याकडे खडकपूर्णा धरण आहे. देऊळगाव मही इथल्या या जलाशयाला संत चोखा सागर म्हणतात. चोखोबांचं मेहुणा राजा इथून जवळच. तिथं शीड मी अजून पाहिलेलं नाही, आणि ते दिसावं असं मला फार मनापासून वाटतं. लहान मुलांची ऑप्टिमिस्ट होडी सुमारे २.३ मीटरची असते, एका मुलाला पुरते, दोन माणसं ती सहज उचलून नेतात. वावरात तिफणीमागे चाललेल्या, आकाशाकडे बघत मोठ्या झालेल्या मुलामुलींना वाऱ्याचा निम्मा अभ्यास आधीच आलेला असणार. श्रावण-भादव्यात पाणी चढलेलं असतं आणि वारा पश्चिमेचा, दमदार, पण ढगागणिक झोके घेणारा. रेषा त्याला आडवी, दक्षिणोत्तर टाकावी लागेल. कमिटी बोट उत्तरेच्या टोकाला, पिन दक्षिणेला. झोके घेणाऱ्या वाऱ्यात मी मुलांना दोन्ही टोकं सोडून मध्यावरून निघायला सांगेन, मागची एखादी टेकडी खुणेला धरून. मात्र ऊन पडलं की काठावरची काळी माती तापते आणि वारा पाण्याकडून त्या काठाकडे ओढला जातो का, हे आधी तपासायला हवं. सकाळी नऊला, दुपारी बाराला, चारला दिशा टिपायच्या, शेजारी ढग लिहायचे. चिखलीच्या बाजारातून लांबोळी वही आणून ठेवली आहे. या पोळ्याला घरी जाईन तेव्हा पहिली नोंद करणार आहे.